संगणक शिकणारे गुरुजी आणि गावचा स्वयंसेवक

प्राथमिक शाळेच्या कारभारात संगणकाने प्रवेश केला त्याला आता बराच काळ लोटला आहे. यू-डायस प्रणालीत शाळांची माहिती २०१२-१३ या शैक्षणिक वर्षापासून भरली जाऊ लागली. राज्याची सरल प्रणाली २०१५ मध्ये आली, आणि २०२२-२३ पासून यू-डायस प्लसमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद घेण्यास सुरुवात झाली. जनरल रजिस्टर अद्याप शाळेच्या कपाटात आहेच. परंतु मुलाचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, इयत्ता व बदली यांची जी नोंद पुढे तालुक्याला, जिल्ह्याला आणि दिल्लीला दिसते, ती संगणकावरची असते.

ही नोंद प्रत्यक्षात कोणाच्या हातून होते, हा या लेखाचा विषय आहे. ज्या शाळेतील शिक्षकास संगणकाचा सराव नाही तेथे ती बहुधा तालुक्याच्या गावी, एखाद्या सायबर कॅफेत होते. गुरुजी शनिवारी दुपारी रजिस्टर पिशवीत घालून तेथे जातात, शाळेचा परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून देतात आणि पदरचे पैसे मोजून शेजारच्या बाकावर वाट पाहत बसतात. टंकन करणाऱ्या मुलाने ती बालके कधी पाहिलेली नसतात. वडिलांच्या नावातील एक अक्षर इकडचे तिकडे होते, जन्मतारखेतील दिवस आणि महिना यांची अदलाबदल होते. ही चूक त्या दिवशी कोणाच्याच लक्षात येत नाही. पुढे शिष्यवृत्तीची रक्कम अडते किंवा पाचवीला दुसऱ्या शाळेत गेलेल्या मुलाचे नाव आधारशी जुळत नाही, तेव्हा ती उघडकीस येते आणि दुरुस्तीसाठी मजूर आईबापांची रोजंदारी बुडते. शिक्षकास संगणकाची आज्ञावली स्वतः चालविता यावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ आधुनिकतेचा नाही.

प्रशिक्षणे झाली नाहीत, असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम २००१ पासून चालू आहे आणि हजारो शिक्षकांनी तो पूर्ण केला आहे. केंद्र शासनाचे दीक्षा व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले आणि २०२० मध्ये निष्ठा प्रशिक्षणाचे पाठ त्यावरून घेण्यात आले. असे असूनही प्रमाणपत्र फाइलमध्ये आणि संगणक कापडाखाली, हे दृश्य दुर्मिळ नाही. पोहणे शिकल्यानंतर दहा वर्षे विहिरीकडे फिरकलेच नाही, तर हातपाय विसरतात. तसाच हा प्रकार आहे. ज्या दिवशी काम अडते त्या दिवशी शेजारी बसून ‘गुरुजी, आता खालच्या ओळीत बघा’ असे सांगणारे माणूस शिबिरात मिळत नाही. ते गावातच मिळावे लागते.

यंत्र आधी, माणूस नंतर

आपल्या देशातील शालेय संगणक-शिक्षणाचा आरंभ १९८४-८५ च्या ‘क्लास’ या प्रकल्पाने झाला. सुमारे २५० माध्यमिक शाळांतून इंग्लंडमधील बीबीसी मायक्रो हे संगणक बसविण्यात आले. ती यंत्रे परदेशी, त्यांच्या आज्ञावल्या इंग्रजी आणि शिक्षक मात्र मराठी, हिंदी, तमिळ माध्यमांत शिकविणारे. पुढे २००४ च्या अखेरीस ‘आयसीटी अ‍ॅट स्कूल्स’ ही केंद्रपुरस्कृत योजना आली व संगणक-कक्ष उभे राहिले. या साऱ्या काळात यंत्राची निविदा, यंत्राची पोहोच, यंत्राची नोंदवहीतील नोंद यांबाबत जी तत्परता दिसली, ती यंत्र वापरणाऱ्या माणसाच्या बाबतीत नेहमीच दिसली असे नाही. केरळ राज्याने २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पात शिक्षकांतूनच प्रशिक्षक घडविले आणि विनामूल्य, मुक्त आज्ञावल्यांचा आग्रह धरला. तेथील प्रकल्प टिकला, याचे बरेचसे श्रेय या दोन निर्णयांना द्यावे लागेल.

आपल्या राज्यातील एक उदाहरण या संदर्भात सांगण्याजोगे आहे. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात, कर्जत परिसरातील एका लहानशा वस्तीवर झाला. शाळा एकशिक्षकी, खोली एक, आणि पहिली ते चौथीची मिळून वीस-बावीस मुले. हिरव्या-पांढऱ्या रंगाचे, ‘शुगर’ नावाच्या आज्ञावलीवर चालणारे ते छोटे संगणक मुलांना देण्यापूर्वी शिक्षकांच्या हाती देण्यात आले. बाहेरून आलेल्या कार्यकर्तीने काही आठवडे शाळेत शिक्षकांसोबत काम केले. त्या उपक्रमाविषयी, विशेषतः त्याच्या खर्चाविषयी, पुष्कळ टीका झाली आणि ती सर्वस्वी चुकीची नव्हती. परंतु यंत्र आधी शिक्षकाच्या हाती आणि शिक्षकाशेजारी एक माणूस, हा जो क्रम तेथे पाळला गेला तो अनुकरणीय होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

माउस कोणाच्या हातात?

स्वयंसेवक बहुधा तरुण असतो. पदवीचा विद्यार्थी, सुटीत गावी आलेला अभियंता, ग्रामपंचायतीतील संगणक परिचालक किंवा शाळेचाच माजी विद्यार्थी. त्याची बोटे झरझर चालतात, आणि नेमकी हीच अडचण ठरते. गुरुजी बाण शोधत असतात. तरुणाचा धीर सुटतो. ‘थांबा गुरुजी, मी करून देतो’ म्हणत तो माउस ओढून घेतो आणि अर्ध्या मिनिटात काम उरकतो. गुरुजी त्याचे आभार मानतात, परंतु शिकत काहीच नाहीत. पुढच्या महिन्यात तेच काम घेऊन ते पुन्हा त्याच्याकडे येतात. सायबर कॅफेची जागा तेवढी बदललेली असते.

म्हणून पहिला नियम असा की, माउस आणि कळफलक यांना स्वयंसेवकाने हात लावू नये. त्याने शिक्षकाच्या डाव्या बाजूस, किंचित मागे बसावे आणि तोंडाने सांगावे. तेही ‘इथे क्लिक करा’ असे न सांगता ‘कागद साठवून ठेवायचा आहे, तर कोठे बघाल?’ असे विचारावे. शिक्षकास उत्तर सापडेपर्यंत गप्प राहणे हे या कामातील सर्वांत अवघड कौशल्य आहे. वर्गात मुलाला वेळ द्यावा लागतो हे शिक्षक जाणतात. स्वयंसेवकास ते नव्याने शिकावे लागते.

दुसरी गोष्ट मनाची आहे. पंचवीस वर्षे ज्यांनी इतरांना शिकविले त्यांना आपल्याच विद्यार्थ्यापुढे अडखळणे जड जाते. हेच गुरुजी किंवा बाई मोबाइलवर लीलया ध्वनिचित्रफिती पाठवितात, पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड वर्गात उघडून दाखवितात. परंतु कळफलकापुढे त्यांचा हात आखडतो. अशा वेळी वर्गातील मुले भोवती जमलेली नसावीत. शाळा सुटल्यानंतरचा पाऊण तास, दार लोटून घेऊन, एका वेळी एक शिक्षक किंवा फार तर दोन, अशी बैठक उत्तम. ‘सोपे आहे हो’ हे शब्द स्वयंसेवकाने टाळावेत. जे सोपे आहे तेही आपल्याला जमत नाही, एवढाच अर्थ त्यातून शिकणाऱ्यास ऐकू येतो.

शिकलेल्या पायऱ्या शिक्षकाने स्वतःच्या हस्ताक्षरात, स्वतःच्या शब्दांत वहीत उतराव्यात. स्वयंसेवकाने छापून आणलेली सुबक पुस्तिका त्या वहीची जागा घेऊ शकत नाही. ‘वर डावीकडे पहिल्या चित्रावर दाबणे, मग तिसरी ओळ’ अशी नोंद तंत्रज्ञास हास्यास्पद वाटेल. पण चार दिवसांनी एकट्याने बसल्यावर कामाला येते ती हीच.

बाराखडी जाणणाऱ्याचा कळफलक

मराठी टंकनाची भीती शिक्षकांत सर्वाधिक आढळते. वस्तुतः ज्याने आयुष्यभर बाराखडी शिकविली त्याच्याइतका या विद्येस लायक दुसरा कोणी नाही. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेला इन्स्क्रिप्ट हा कळफलक वर्णमालेच्या तत्त्वावरच रचलेला आहे. त्यात स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने मुख्यतः उजव्या हाताकडे आहेत. इंग्रजी ‘के’च्या कळीवर क आहे आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ख उमटतो, ‘आय’वर ग आणि शिफ्टसह घ. अल्पप्राण व महाप्राण यांची जोडी एकाच कळीवर, हे पाहिल्यावर भाषेच्या शिक्षकाचा चेहरा खुलतो. ‘डी’ची कळ म्हणजे हलन्त. मग क, हलन्त, ष असा क्रम दाबला की क्ष तयार होतो. जोडाक्षर फोडून दाखविण्याचा फळ्यावरचा पाठ येथे बोटांनी गिरवावयाचा. ‘दुसऱ्या’ या शब्दातील ऱ्या मिळविण्यासाठी शिफ्टसह ‘जे’, म्हणजे ऱ, नंतर हलन्त, य आणि काना. हा एक शब्द ज्याला बिनचूक टंकित करता आला त्याची मराठी टंकनाची भीती निम्मी सरली, असे समजावे. हा कळफलक विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींत असतोच. त्यासाठी वेगळा खर्च नाही.

जे शिक्षक मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी उमटविण्यास सरावले आहेत त्यांना ती सवय मोडावयास लावण्याचे कारण नाही. मात्र कोणत्याही मार्गाने लिहिले तरी ते युनिकोडमध्येच असले पाहिजे, याबाबत स्वयंसेवकाने आग्रही राहावे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. त्याआधीच्या पद्धतीच्या अक्षरसंचांत टंकित केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो संच नसल्यास निरर्थक रोमन चिन्हांत दिसतो, आणि शासकीय प्रणालींत तो भरताच येत नाही. शाळेच्या जुन्या फाइलींत अशा याद्या पडून असतात. त्या युनिकोडमध्ये आणून देणे, हे स्वयंसेवकाने स्वतः करण्यासारखे मोजकेच एक काम आहे.

निकालपत्रकापासून प्रारंभ

संगणकाचे भाग कोणते, त्याच्या पिढ्या किती, अशा धड्याने आरंभ करण्याची रूढी आहे. ती सोडून द्यावी. शिक्षकाच्या हाती त्या आठवड्यात जे काम असेल तेच पहिला पाठ होय, आणि निकालपत्रकाइतके सोयीचे काम दुसरे नाही.

२०१० मध्ये लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीसाठी आकारिकचे ६० व संकलितचे ४० गुण धरून श्रेणी दिली जाते; ९१ ते १०० गुणांस अ-१, ८१ ते ९० गुणांस अ-२, याप्रमाणे. चाळीस मुले आणि आठ विषय म्हटले म्हणजे तीनशेवीस बेरजा व तितक्याच श्रेणी झाल्या. एक्सेलमध्ये, किंवा विनामूल्य मिळणाऱ्या लिब्रे ऑफिसच्या कॅल्क या आज्ञावलीत, पहिल्या मुलासमोर बरोबरचे चिन्ह देऊन दोन घरांची बेरीज मांडावयाची आणि त्या घराच्या कोपऱ्यातील ठिपका धरून खाली ओढावयाचे. चाळीस बेरजा क्षणात उमटतात. येथे घाई करू नये. पहिल्या तीन मुलांच्या बेरजा शिक्षकाने कागदावर करून पडताळून पाहाव्यात, एक गुण मुद्दाम बदलून बेरीज व श्रेणी आपोआप बदलते का, हेही पाहावे. यंत्रावर विश्वास ठेवावयाचा तो पडताळणीनंतर, हे गणिताच्या शिक्षकास सांगावे लागत नाही.

या आज्ञावलीत काही खाचखळगे असे आहेत की, त्यांची पूर्वसूचना दिली नाही तर शिक्षकाचा सारा उत्साह मावळतो. देवनागरी कळफलक चालू असताना टंकित केलेला अंक यंत्र पुष्कळदा अक्षर समजते आणि बेरजेत घेत नाही. चूक झाल्याचे कळवीतही नाही. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा आहे. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले पंधरा अंकच जपते व पुढील अंकांच्या जागी शून्ये घालते. सरल प्रणालीतील विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक १९ अंकी आहे. तो साध्या घरात भरला की शेवटचे चार अंक नाहीसे होतात आणि सारा वर्गच्या वर्ग एकसारखा दिसू लागतो! शून्याने आरंभ होणाऱ्या बँक खाते क्रमांकाचे पहिले शून्यही असेच गळते. उपाय एवढाच की, क्रमांक भरण्यापूर्वी त्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’, म्हणजे मजकूर, असा ठरवून घ्यावा. भरल्यानंतर प्रकार बदलून गेलेले अंक परत येत नाहीत.

निकालपत्रक जमले की त्याच यादीतून हजेरीपट, पालकांना पाठवावयाची पत्रे, शिष्यवृत्तीस पात्र मुलींची यादी निघू शकते, हे शिक्षकाच्या आपोआप ध्यानात येऊ लागते. स्वयंसेवक नसेल त्या दिवसांसाठी मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे पाठ उपयुक्त आहेत. सुमारे दहा-दहा मिनिटांचे हे दृक्-श्राव्य पाठ लिब्रे ऑफिससारख्या मुक्त आज्ञावल्यांवर आहेत व त्यांतील अनेकांचे निवेदन मराठीत उपलब्ध आहे. पडद्याच्या एका बाजूस पाठ व दुसऱ्या बाजूस आज्ञावली ठेवून, पाठ थांबवीत थांबवीत तीच कृती करावयाची, अशी ही पद्धत आहे.

परवलीचा शब्द

शाळेच्या प्रणालींचा परवलीचा शब्द स्वयंसेवकास कळता कामा नये. तो माजी विद्यार्थी असो की सरपंचांचा चिरंजीव. शिक्षक शब्द भरीत असताना त्याने मान दुसरीकडे वळवावी. मोबाइलवर येणारा ओटीपी मोठ्याने वाचून दाखविण्याची सवय त्याने पहिल्याच दिवशी मोडून काढावी, कारण याच सवयीचा फायदा घेऊन भामटे शिक्षकांची बँक खाती रिकामी करतात. सराव करावयाचा तो काल्पनिक नावांच्या यादीवर. मुलांच्या आधार क्रमांकांची फाइल स्वयंसेवकाच्या मोबाइलवर किंवा पेन ड्राइव्हवर जाऊ नये. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून, १८ वर्षांखालील व्यक्तीस त्यात बालक मानले आहे व बालकांच्या माहितीबाबत विशेष बंधने घातली आहेत. मदतीच्या भरात या गोष्टीकडे दुर्लक्ष होते, आणि मदत करणाऱ्यास त्यात काही गैर वाटतही नाही. म्हणून मुख्याध्यापकांनी ती आधीच स्पष्ट केलेली बरी.

स्वयंसेवक मिळवावयाचा कोठून

यासाठी केंद्र शासनाची विद्यांजली ही योजना आहे. २०१६ मध्ये आरंभ झालेल्या या योजनेचे नवे स्वरूप सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाले. शाळा आपल्या ११ अंकी यू-डायस क्रमांकाच्या आधारे नोंदणी करते व आपली गरज मांडते; इच्छुक नागरिक, निवृत्त कर्मचारी, परदेशस्थ भारतीय किंवा संस्था आपली तयारी कळवितात आणि निवड शाळा करते. सेवा आणि साहित्य असे गरजेचे दोन विभाग तेथे आहेत. शाळांचा ओढा साहित्याकडे, म्हणजे संगणक, टीव्ही संच, बाके यांकडे अधिक असणे स्वाभाविक आहे. मात्र ‘मराठी टंकन व निकालपत्रक शिकविणारी व्यक्ती, आठवड्यातून एक दिवस’ अशी नेमकी मागणी सेवा विभागात नोंदविता येते. या योजनेतील स्वयंसेवक नियमित शिक्षकाची जागा घेत नाही व त्यास मानधनही नसते, हे पंचायत सदस्यांनी लक्षात ठेवावे.

जवळ महाविद्यालय असल्यास राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी बोलावे. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेल्या या योजनेत प्रत्येक स्वयंसेवकास दोन वर्षांत २४० तास सेवा द्यावयाची असते. यांपैकी तीसेक तास एका शिक्षकाशेजारी बसून गेले, तर ती सेवा रस्तासफाईहून कमी मोलाची मानण्याचे कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांच्याच घरांत संगणक जाणणारा मुलगा किंवा मुलगी असण्याचा संभव असतो. मुलींचा विचार येथे आवर्जून करावा. शिक्षिकांना शेजारी एखादी तरुणी बसलेली असल्यास अधिक मोकळेपणाने विचारता येते. स्वयंसेवकाची येण्याची वेळ, कालावधी व परवलीच्या शब्दाबाबतचा नियम यांचा समितीच्या बैठकीत ठराव करून घेणे इष्ट. शाळेतील संगणक नादुरुस्त असेल, तर तो दुरुस्त होईपर्यंत थांबू नये. ग्रामपंचायतीतील आपले सरकार सेवा केंद्राचा संगणक सायंकाळी तासभर शिक्षकांसाठी मोकळा ठेवणे सरपंचांच्या हाती असते.

वर्षातील कोणता काळ निवडावा, याबाबतही थोडे सांगितले पाहिजे. जून-जुलैत प्रवेश, पाठ्यपुस्तके व गणवेश यांची धावपळ असते आणि पावसात विजेचा भरवसा नसतो. दिवाळीच्या सुटीनंतर आरंभ केल्यास दुसऱ्या सत्राच्या निकालापर्यंत चार-पाच महिने मिळतात. आठवड्यातून एक-दोन बैठका धरल्या, तर फेब्रुवारीपर्यंत शिक्षकाचे टंकन सुरळीत होते आणि मार्चमध्ये स्वयंसेवकाने एखाद्या आठवड्यास मुद्दाम गैरहजर राहून पाहण्यास हरकत नसते. निकालपत्रक त्या आठवड्यातही पुढे सरकले, तर शेजारच्या शाळेतील बाईंना बोलावून घ्यावे आणि या वेळी डाव्या बाजूच्या खुर्चीवर गुरुजींनी बसावे.